वेताळाचे जुने अंक जमवायचेत? इंद्रजाल कॉमिक्सच्या नव्या संग्राहकांसाठी मार्गदर्शक

वेताळाच्या, म्हणजे इंद्रजाल कॉमिक्सने आपल्याकडे आणलेल्या फँटमच्या, जुन्या अंकांच्या शोधात निघालेल्या बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात. पहिला अंक कधीचा? एकूण किती निघाले? मराठीतले आता कुठे मिळतात? हातातला अंक पुरा आहे की मधली पानं गेलीत? मागितलेला भाव रास्त आहे का? उत्तरं आहेत, पण दहा ठिकाणी विखुरलेली. ती गोळा होईपर्यंत नवा माणूस दोन-चार फसव्या खरेद्या करून बसतो आणि वैतागून नाद सोडतो. ते टळावं म्हणून मला जे कळलंय ते इथे क्रमाने मांडतो.

माझं एक मत मात्र आधीच ऐका, कारण पुढचा बराचसा सल्ला त्यावरच आधारलेला आहे. सुरुवात मराठी अंकांपासून करा. इंग्रजी अंक जपणारे संग्राहक देशभर आहेत, त्यांच्या याद्याही तयार आहेत. मराठी अंक आळीतल्या पोरांच्या हातोहात फिरले, वाचून वाचून फाटले आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेले. जे उरलेत ते आपणच सांभाळायला हवेत, दुसरं कोणी येणार नाही.

१. आधी वेताळाची ओळख करून घ्या

अंक ओळखता यायचा असेल तर मूळ चित्रपट्टीचा इतिहास थोडा तरी माहीत हवा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक निर्माण केला आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, चित्रपट्ट्या पुरवणाऱ्या किंग फीचर्स सिंडिकेटमार्फत वर्तमानपत्रांत आणला. २८ मे १९३९ पासून रविवारची रंगीत पट्टीही सुरू झाली. फॉकच्या मनात वेताळाचा वेश करडा होता, रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल. त्यामुळे परदेशी अंकावर लाल वेताळ दिसला तर तो नकली आहे असं समजू नका.

कथेचा पाया सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांनी जहाज लुटलं, वडील मारले गेले, वाचलेल्या मुलाने वडिलांच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या बापामागून मुलगा तोच वेश चढवत आला. आपण वाचतो तो एकविसावा. उजव्या हातात कवटीची अंगठी, डाव्या हातात शुभचिन्हाची. पुढे १९७७ मध्ये प्रेयसी डायनाशी लग्न आणि नंतर किट व हेलॉइज ही जुळी मुलं. हे लक्षात ठेवलंत की कथेचा काळ पटकन कळतो: मुलं दिसली तर मूळ पट्टी लग्नानंतरची.

चित्रकारांचे हात ओळखायला शिका, फार उपयोगी पडतं. पहिला रे मूर. त्याच्या चित्रांत अंधार आणि सावल्या भरपूर. १९४२ मध्ये तो सैन्यात गेला आणि त्याचा साहाय्यक विल्सन मॅकॉय याने काम हाती घेतलं. मॅकॉयची रेषा साधी, चेहरे थोडे ठोकळेबाज, पण गोष्ट सांगण्याची हातोटी विलक्षण. १९६१ मध्ये मॅकॉय गेल्यावर काही काळ बिल लिग्नांटे आणि मग साय बॅरी. पीळदार शरीर, रेखीव जबडा, घनदाट जंगल, असा जो वेताळ आपल्याकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो बॅरीचा. त्याने तीस वर्षांहून अधिक काळ, १९९४ पर्यंत तो काढला. मला स्वतःला मॅकॉय जास्त जवळचा वाटतो, आणि नवे संग्राहक त्याला ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारतात याचं वाईट वाटतं.

२. इंद्रजालचा हिशेब समजून घ्या

बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढे अमर चित्र कथा घडवणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते आणि या उपक्रमात त्यांचा हात होता. पहिल्या अंकात वेताळाच्या कमरेच्या पट्ट्याची गोष्ट आहे, मॅकॉयच्या चित्रांची. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून वेताळ घरोघरी पोचला.

पहिल्या ३२ अंकांत फक्त वेताळ आहे. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी, बझ सॉयर वगैरे मंडळी आली आणि डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर हा भारतीय नायक आला. तरी एकूण अंकांतले निम्म्याहून अधिक वेताळाचेच.

आता आकड्यांकडे नीट लक्ष द्या, कारण सर्वांत जास्त फसगत इथे होते.

सुरुवातीला अंक मासिक होता. जानेवारी १९६७ पासून तो पाक्षिक झाला, १९८१ मध्ये साप्ताहिक. १९९० मध्ये तो बंद पडला, तोवर ८०३ अंक निघाले. क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे निघालेच नाहीत. यादीत ती दोन घरं रिकामी दिसली म्हणून जीव टांगणीला लावू नका, आणि ‘१२४ नंबर देतो’ म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९८३ पासून सलग क्रमांक देणं थांबलं आणि खंड व त्या खंडातला अंक अशी पद्धत आली. १९८३ म्हणजे खंड २०. खंडाच्या आकड्यात १९६३ मिळवलं की साल मिळतं: खंड २४ म्हणजे १९८७. विक्रेता फोनवर ‘अंक पंधरा आहे’ म्हणतो तेव्हा तो मे १९६५ चा पंधरावा अंक असू शकतो, किंवा खंड २४ मधला पंधरावा. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे क्रमांक छापलेल्या जागेचा स्पष्ट फोटो मागितल्याशिवाय पुढे बोलूच नका.

जाता जाता एक खूण. इंद्रजालमध्ये काही नावं बदलली आहेत. वेताळाचा देश डेंकाली होतो, सिंग चाचे सिंगा होतात, आणि मूळ कथेतला खुनी रामा इथे रामालू आहे. परदेशी पुस्तकातून उचललेला मजकूर जुना इंद्रजाल म्हणून कोणी खपवत असेल तर ही नावं त्याचं पितळ उघडं पाडतात.

३. काय जमवायचं ते आधी ठरवा

‘सगळं जमवतो’ असं म्हणून निघालेल्यांचा खिसा आणि कपाट, दोन्ही लवकर भरतात... चुकीच्या वस्तूंनी. एक कक्षा आखा. फक्त मराठी वेताळ, किंवा पाक्षिक होण्याआधीचे पहिले ३४ अंक, किंवा फक्त बहादूर. एका चित्रकाराचा पाठपुरावा करणंही आनंदाचं आहे.

मी मराठी वेताळ सुचवेन, भाषांतराची मजा वेगळीच आहे म्हणून. पण पहिल्या दहा अंकांपासून सुरुवात करू नका. ते दुर्मीळ आहेत आणि नवख्या डोळ्याला त्यांची पारख जमत नाही. सत्तरच्या दशकातले अंक घ्या. ते मिळतात, परवडतात, आणि त्यांच्यावर हात बसतो.

४. लागणारं साहित्य

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- मऊ, रुंद ब्रश (चित्रकलेचा चालतो, पण नवा आणि कोरडा)
- पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या, अंकापेक्षा बोटभर मोठ्या
- आम्लविरहित पुठ्ठे
- सिलिका जेलच्या पुड्या
- शिसपेन आणि नोंदवही, किंवा मोबाइलमधली तक्त्याची शीट
- तुमची यादी, नेहमी खिशात

हातमोजे लागत नाहीत. त्यांनी बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात पुरेत. यादी बनवायला ग्रँड कॉमिक्स डेटाबेस हा मोफत कोश उपयोगी आहे. तो इंग्रजीत आहे, म्हणून प्रत्येक कथेच्या नावापुढे मराठी नाव स्वतः लिहीत जा. वर्षभरात तुमच्याकडे जी यादी तयार होईल तिची इतर मराठी संग्राहकांना मोठी गरज आहे.

५. कुठे शोधायचं

पहिली जागा: नातेवाइकांचे माळे. खरंच. मुंबई-पुण्यात जुन्या इमारती आणि वाडे पुनर्विकासाला निघालेत, आणि घर रिकामं करताना पहिली जाते ती रद्दी. ओळखीत कोणाचं घर खाली होतंय असं कळलं की लाज न बाळगता विचारा. परदेशात असाल तर गावी फोन करून सांगून ठेवा: मामाच्या, आत्याच्या घरातली जुनी ट्रंक मला विचारल्याशिवाय द्यायची नाही.

दुसरी जागा म्हणजे बंद पडलेली खासगी वाचनालयं. पूर्वी गल्लोगल्ली घरगुती लायब्ऱ्या होत्या, सुट्टीत तिथे दिवसाच्या भाड्याने कॉमिक्स मिळायची. अशा अंकांवर शिक्के असतात, पाठीला खाकी कागद चिकटवलेला असतो, पण ते बहुधा क्रमाने आणि मोठ्या संख्येने मिळतात.

मग रस्त्यावरचा बाजार. मुंबईत फोर्टातले पदपथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात जुना बाजार आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते. एका खेपेत काही हाती लागेल अशी अपेक्षा नको. विक्रेत्याशी ओळख वाढवा, नंबर द्या, काय हवंय ते नेमकं सांगा, आणि त्याने राखून ठेवलेलं निदान एकदा तरी घ्या. शब्द पाळणाऱ्या गिऱ्हाइकालाच पुढचा फोन येतो. रद्दीवाल्यालाही किलोच्या भावापेक्षा चांगले पैसे मिळतील हे कळू द्या, तो आपोआप बाजूला काढून ठेवतो.

समाजमाध्यमांवरच्या गटांत माल भरपूर असतो आणि सापळेही. त्याबद्दल आठव्या पायरीत.

६. अंक हातात आल्यावर तपासणी

घाई करू नका. विक्रेता कितीही ‘दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणाला तरी पाच मिनिटं घ्या. अंक सपाट जागेवर ठेवा आणि पाठीपासून सुरुवात करा.

*पिना.* या अंकांना पाठीवर पिना मारलेल्या असतात. जुन्या पिनेभोवती कागदाला तांबूस गंज चढलेला असतो, आणि ते चांगलं लक्षण आहे: पिना मूळच्या आहेत. चकचकीत पिन दिसली तर अंक उघडून पुन्हा शिवलेला आहे. शेजारी जुनी भोकं दिसतात का पाहा.

*पानं.* अंक मधोमध उघडा, जिथे पिनांची टोकं वळलेली दिसतात. आता तिथून पुढची आणि मागची पानं मोजा. दोन्ही बाजूंना सारखी भरली पाहिजेत, कारण एक कागद दुमडून दोन पानं होतात. पुढचं तिसरं पान फाटून गेलं असेल तर शेवटून तिसरं सैल लोंबत असतं किंवा तेही गेलेलं असतं. सर्वांत जास्त गहाळ होतं ते मधलं जोडपान, कारण ते पिनेतून सहज निसटतं, आणि ते गेलं तर मोजणी बरोबरच येते! म्हणून मधल्या पानावरची शेवटची चौकट आणि पुढची पहिली चौकट वाचून बघा. वेताळ गुहेत बसलेला आणि लगेच पुढच्या चौकटीत जहाजावर असेल तर काहीतरी गेलंय.

*इतर मजकूर.* सुरुवातीच्या अंकांत वेताळाच्या गोष्टीला मोजकी पानं आहेत आणि उरलेल्या पानांत भलताच मजकूर आहे. नवे लोक म्हणतात, दुसऱ्या मासिकाची पानं मिसळली आहेत. नाही, ते अंक तसेच आहेत.

*मलपृष्ठ.* सुरुवातीच्या मुखपृष्ठांचे चित्रकार बी. गोविंद. त्या काळात मागच्या बाजूलाही भिंतीवर लावण्याजोगं चित्र असायचं, आणि पोरांनी ते लावलंही. त्यामुळे मलपृष्ठ नसलेले अंक खूप मिळतात. मुखपृष्ठ शाबूत म्हणून खूश होऊ नका, उलटून पाहा. कोड्यांची पानं पेनाने सोडवलेली किंवा कापलेली आहेत का तेही बघा.

*कडा.* घरी बाइंडिंग केलेल्या अंकांच्या कडा मशीनवर कापलेल्या असतात. संवादाचा फुगा कडेला टेकलेला दिसला, किंवा वरची पट्टी अर्धवट वाटली, तर तो बांधीव संचातून काढलेला अंक आहे. वाचायला उत्तम, पण सुट्ट्या अंकाचा भाव देऊ नका. आणि बांधीव संच मिळाला तर तो सोडवायच्या भानगडीत पडू नका. टाके उसवताना पाठ फाटते.

*वास.* कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. असा अंक घेतलात तर तो इतरांपासून वेगळा ठेवायचा.

कथा पुरी आहे का हेही बघा. लांबलचक कथा दोन अंकांत विभागलेल्या असतात. ‘पुढील अंकी’ वाचून हळहळण्यापेक्षा दोन्ही भाग एकत्र मागा.

७. भाव कसा ठरवायचा

ठरलेला बाजारभाव नाही, आणि कोणी ‘हाच रेट आहे’ म्हणालं तर ते त्याचं मत समजा. भाव पाच गोष्टींवर ठरतो: किती जुना, कोणत्या भाषेतला, पानं पुरी आहेत का, दोन्ही पृष्ठं आहेत का, आणि कागद लवचीक आहे की ठिसूळ. त्याच क्रमांकाचे दोन-तीन अंक कोणत्या भावाने विकले गेले ते गटांत शोधा. मागितलेला भाव नव्हे, प्रत्यक्ष सौदा झालेला.

माझा सल्ला: देखणं मुखपृष्ठ आणि गहाळ पानं यापेक्षा डागाळलेलं मुखपृष्ठ आणि पुरी गोष्ट घ्या. लॉटमध्ये घेताना आधी यादी मागा. दहा हव्या असलेल्या अंकांसाठी पन्नास नकोसे गळ्यात मारण्याची पद्धत सर्रास आहे.

८. नेहमीचे सापळे

नक्कल. जुना अंक स्कॅन करून डिजिटल छपाईत काढलेल्या प्रती फिरतात. कागद पांढराशुभ्र, वजनाला जड, पिना कोऱ्या. भिंगाखाली पाहिलं की मूळ अंकात काळी अक्षरं सलग आणि भरीव दिसतात, नकलेत त्यांच्या कडा विस्कटून रंगीत ठिपके दिसतात. जुनी घडी किंवा डाग नकलेत छापलेला असतो, बोट फिरवलं तर लागत नाही. नक्कल म्हणून सांगून विकत असतील तरी घेऊ नका. या चित्रांचे हक्क किंग फीचर्सकडे आहेत.

‘मराठी’ म्हणून हिंदी. लिपी एकच, त्यामुळे मुखपृष्ठाच्या फोटोवरून चटकन कळत नाही. आतल्या पानाचा फोटो मागा.

दुसऱ्या प्रकाशनाचे अंक. इंद्रजाल बंद पडल्यावर नव्वदच्या दशकात डायमंड कॉमिक्सनेही वेताळ काढला. ते वाईट नाहीत, पण ते इंद्रजाल नाहीत. विक्रेता दोन्ही एकाच मथळ्याखाली टाकतो.

आगाऊ पैसे. अनोळखी विक्रेत्याकडून पहिली खरेदी लहान करा. त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी अंकाशेजारी ठेवून फोटो मागा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो, दुसऱ्याचे फोटो वापरणारा कारणं सांगतो. पार्सल दोन पुठ्ठ्यांमध्ये आणि प्लॅस्टिकमध्ये बांधून पाठवायला सांगा, पावसाळ्यात तर आवर्जून.

९. सांभाळायचं कसं

हा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. ते थांबवता येत नाही, लांबवता येतं.

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि चित्र कायमचं जातं. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढताच येत नाही. फाटलेलं पान तसंच पिशवीत ठेवा. मोलाचा अंक असेल तर कागद-संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

आधी ब्रशने धूळ झाडा, पाठीकडून कडेकडे. मग अंकामागे पुठ्ठा लावून पिशवीत सरकवा. वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळा, त्या कालांतराने चिकट होऊन शाई ओढतात. अंक आडवे ठेवायचे तर गठ्ठा वीतभराहून उंच नको, उभे ठेवायचे तर पेटी घट्ट भरलेली हवी म्हणजे ते वाकत नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, कोकणात आणि गोव्यात तर मुळीच नको. पावसाळ्यात भिंतीतली ओल थेट आत येते. सिलिका जेल दर महिन्याला बघा, रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका.

कसर किंवा तिची अंडी दिसली तर अंक हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गारठलेल्या कागदावर पाणी धरतं. बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, सावलीत वाळवून मगच ब्रश चालवा. उन्हात वाळत घातलेत तर रंग उडतील.

आणि वाचा. वर्षातून एकदा प्रत्येक अंक उघडून चाळला की कीड लवकर सापडते. मुलांना वाचून दाखवा. त्यासाठी दुय्यम प्रती वेगळ्या ठेवा.

१०. नोंद ठेवा, देवाणघेवाण करा

प्रत्येक अंकाची एक ओळ: क्रमांक किंवा खंड-अंक, महिना-साल, भाषा, मराठी कथानाव, नायक, ओळखता आला तर चित्रकार, गहाळ पानं, कुठून आला, किती दिले. अंकावर काहीही लिहू नका. नोंद पिशवीतल्या पुठ्ठ्यावर, शिसपेनाने. आधीच्या मालकाचं नाव पहिल्या पानावर असेल तर ते खोडू नका. ‘इयत्ता पाचवी, तुकडी ब’ लिहिलेला अंक मला कोऱ्या अंकापेक्षा प्रिय आहे.

दुसरी प्रत मिळाली की बदलीला काढा. मराठी संग्राहक थोडे आहेत आणि प्रत्येकाकडे कोणाचं तरी अडलेलं काहीतरी असतं. गटात टाकताना ‘देणे’ आणि ‘हवे’ अशा दोन याद्या एकत्र टाका, क्रमांकांच्या चढत्या क्रमाने, प्रत्येकापुढे अंकाची स्थिती लिहून. नुसतं ‘वेताळ पाहिजे’ असं लिहिलंत तर कोणी उत्तर देत नाही.